गोराईच्या लाइफबोटीची तिसरी दोरी

मी सुतार माणूस. लाकूड, दोरी, खिळा आणि वजन या चार गोष्टींपलीकडे मला फारसं काही कळत नाही, आणि कळतं असं मी कधी म्हटलंही नाही. आमच्या घरात देवदेवस्की बघायची ती आई. मालवणकडची. कुणाला कुठला नारळ, कुठे गाऱ्हाणं, सगळं तिला तोंडपाठ. मी मिलमध्ये सुतारखात्यात होतो, युनियनची भाषणं ऐकून ऐकून तिच्याशी वाद घालायचो. "आई, भुतं असतात तर ती मालकाच्या बंगल्यात का जात नाहीत गं? आपल्या चाळीतच का?" ती म्हणायची, "मेल्या, तुका कळतला तेव्हा कळतला."

इथल्या ग्रुपवर तुमचे अनुभव वाचतो. खरं सांगू, अर्ध्या गोष्टींना हसू येतं. पण मग माझी स्वतःचीच गोष्ट आठवते आणि हसू जिरतं. सूनबाई म्हणाली, बाबा तुम्ही सांगा, मी टाइप करते. तर सांगतो. जसं झालं तसं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मिलचा संप होऊन तीन-चार वर्षं झाली होती, मिल काही परत सुरू झाली नाही. मी बोरिवली पूर्वेला राहायचो, मिळतील ती कामं करायचो – खिडक्या, देव्हारे, कुणाचं कपाट. एक दिवस एक बाई घर शोधत आली. पस्तिशीची असेल, फ्रॉक, हातात छत्री, बोलणं एकदम मास्तरणीचं. ती होतीच मास्तरीण. गोराई गावातल्या शाळेत शिकवायची. नाव ॲग्नेस.

"मिस्त्री, तुम्ही बोट दुरुस्त करता का?"

"बाई, मी दरवाजे करतो."

"बोटीचे सुतार आमच्या गावात आहेत. पण ते म्हणतात, जुनी लाकडं काढून टाका, नवी घाला. मला जुनीच ठेवायचीयेत. तुम्ही शेजारच्या सोसायटीतला जुना झोपाळा जोडून दिलात ना, तसं."

मी म्हटलं, बघून येऊ. बोरिवलीहून खाडीपर्यंत बस, मग खाडी ओलांडायची होडी, म्हणजे तर, मग पलीकडून वीस-पंचवीस मिनिटं चालत. तेव्हा गोराई म्हणजे भातखाचरं, माड, पांढरे क्रूस आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. चर्चच्या मागे मोकळ्या जागेवर सिमेंटच्या पत्र्याची नवीन शेड बांधली होती. तीन बाजूंनी भिंत, समुद्राकडची बाजू उघडी. किनारा तिथून दोनेकशे पावलांवर. त्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर ती उभी होती. लाइफबोट. गावातली म्हातारी माणसं तिला 'लायबोट' म्हणायची.

वीस फुटी. दोन्ही टोकं निमुळती, फळीवर फळी चढवून तांब्याच्या रिवेटांनी बसवलेली. आत पितळेची छोटी पट्टी होती, तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं – वीस माणसांसाठी. महायुद्धाच्या काळात कुठल्यातरी बुडालेल्या जहाजावरून सुटून ती रिकामीच वाहत गोराईच्या किनाऱ्याला लागली होती. गावाने ठेवून घेतली.

आणि मग एका वादळात तिने गावाचे उपकार फेडले. ॲग्नेसबाईंनी तिथेच उभ्याउभ्या मला ती गोष्ट सांगितली. स्वातंत्र्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी उत्तनहून सणाला गेलेली माणसं पडावातून परत येत होती. बायका-मुलंच जास्त. अचानक वारा उठला आणि गाव दिसत असताना पडाव उलटला. कोळ्यांच्या होड्या त्या लाटांत टिकल्या नसत्या. गावातल्या सहा जणांनी ही लायबोट लोटली. पाच वल्ह्यांवर, एक सुकाणूवर. एकोणीस जणांना उचलून आणलं. सहापैकी एक परत आला नाही. दुमिंग. बोट भरली तेव्हा शेवटच्या बाईला जागा मिळावी म्हणून तो स्वतः पाण्यात उतरला, बाहेरची दोरी धरून राहिला, आणि एका मोठ्या लाटेने त्याला नेलं.

"दुमिंग माझे मोठे काका," बाई म्हणाल्या. "माझे बाबा त्याच बोटीत वल्ह्यावर होते. आणि काकी वाचलेल्यांमध्ये होती."

आता एका बंगलेवाल्याला ही बोट हवी होती. बागेत ठेवून तिच्यात फुलझाडं लावायला. गावातली काही माणसं द्यायला तयारही होती. बाईंनी सगळ्यांशी भांडून ती थांबवली होती. मे महिन्यात सणाच्या दिवशी शेडचं उद्घाटन, बोर्ड, वाचलेल्यांची नावं, सगळं ठरलं होतं. "हे आमच्या गावाचं आहे, मिस्त्री. पोरांना दिसलं पाहिजे." त्यांचे डोळे भरून आले होते. मी काम घेतलं.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "दर्यातून इलेल्या वस्तूक हात लावतंस, पयला गाऱ्हाणा तरी घाल." मी नेहमीसारखा हसलो.

महिनाभर काम चाललं. रंगाचे सहा थर खरवडले. कुजलेल्या चार फळ्यांना जोड दिले. ॲग्नेसबाईंचे वडील, इनासबाबा, रोज सकाळी येऊन शेडच्या तोंडाशी स्टुलावर बसायचे. पासष्टी ओलांडलेला, काळा, काटक माणूस. मोकळं बोलायचे. मला मच्छी कशी ओळखायची ते त्यांनीच शिकवलं. घरून माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुकट आणायचे.

लाइफबोटीच्या बाहेरच्या अंगाला, काठाखाली, दोरी असते. ठरावीक अंतरावर कड्यांत ओवलेली, आणि दोन कड्यांच्या मधे सैल सोडलेली, तोरणासारखी. पाण्यातल्या माणसाला धरता यावं म्हणून. त्या सैल भागाला आम्ही झोळ म्हणायचो. जुनी दोरी कधीच कुजून गेली होती, नुसत्या कड्या शिल्लक. मी बाईंना म्हटलं, दोरी आणा. तेव्हा इनासबाबा पहिल्यांदा तिरसटासारखे बोलले.

"दोरी कशाला? शोभेची बोट हाय ती. कोन धरनार हाय?"

"बाबा, जशी होती तशी करायचीय," बाई म्हणाल्या.

ते उठून गेले. दोन दिवस आले नाहीत.

मी सुंभाची जाड दोरी ओवली. एका बाजूला सहा झोळ, दुसऱ्या बाजूला सहा. सगळे मोजून सारखे, वीतभर खाली आलेले. काम झाल्यावर लांब उभं राहून पाहिलं. झकास दिसत होती बोट. एप्रिल महिना, कडक ऊन, पावसाचं नाव नाही. हे मुद्दाम सांगतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून शेडमध्ये आलो तर डाव्या अंगाचा, मागून तिसरा झोळ ताणलेला होता.

ताणलेला म्हणजे कसा ते नीट सांगतो. बाकीचे पाच कमानीसारखे गोल लोंबत होते. हा एकच मधून सरळ खाली ओढल्यासारखा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा टोकदार. जणू त्याच्या मधोमध कुणी भरलेली बादली अडकवलीये. पण अडकवलेलं काही नव्हतं. खाली मोकळी हवा आणि जमीन.

मला वाटलं दोरीला पीळ पडला असेल. तळहात खाली घालून वर ढकलली. गेली नाही. दोन्ही हात लावले, खांदा लावला. मंडळी, मी मिलमध्ये ओंडके उचललेला माणूस… ती दोरी दोन बोटंसुद्धा वर गेली नाही. कड्या करकरत होत्या. मग मी हात काढला आणि नुसता बघत उभा राहिलो. पाऊण तास गेला असेल. हळूहळू तिचं टोक गोल झालं, वर आलं, आणि ती इतरांसारखी झाली. मधली टीचभर जागा ओली होती. बोट लावून जिभेला लावलं. खारट.

पुढच्या दिवशी परत तेच, पण पाऊण तास उशिरा. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी पाऊण तास. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पळत किनाऱ्यावर गेलो. भरती पूर्ण भरली होती. ओहोटी लागली तसा परत आलो, दोरी सैल.

मी ॲग्नेसबाईंना दाखवलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या, पण बाई शिकलेली. म्हणाल्या, "मिस्त्री, सुंभ दमट हवेत आखडतो. भरतीला हवा दमट होत असेल."

"मग बाकीचे पाच का नाही आखडत? आणि आखडला तर वर जाईल ना, खाली कसा येईल?"

"तुम्ही नायलॉन लावा."

नायलॉनला पाणी लागत नाही, तो आखडत नाही. सगळी दोरी उतरवून निळा नायलॉन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तिसरा झोळ खाली गेला. आम्ही दोघंही बघत होतो. झटका नाही, आवाज नाही. पोहून दमलेला माणूस जसा हात टाकतो ना, तसा तो सावकाश भार आला. कड्यांनी आवाज केला आणि बोट त्या बाजूला केसभर कलली.

मागे स्टूल पडल्याचा आवाज झाला. इनासबाबा शेडच्या तोंडाशी उभे होते. दोरीकडे बघत होते. त्यांनी क्रूस केला नाही, ओरडले नाहीत. नुसते मागे मागे सरकत उन्हात गेले.

संध्याकाळी मी तरीकडे निघालो तर ते वाटेत, खाचराच्या बांधावर बसले होते. मला हाताने खुणावलं. मी शेजारी बसलो. ते मग म्हणाले, "मिस्त्री, ती तिसरी दोरी काढ. बाकी सगळी ऱ्हाऊ दे."

"का बाबा?"

"तिथं माजा वल्हा व्हता."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या तोंडून जसं आलं तसं सांगायचा प्रयत्न करतो.

दुमिंग पाण्यात उतरला ते खरं. त्याने दोरी धरली ती इनासच्या शेजारची. पण लाटेने त्याला नेलं नाही. तो धरून राहिला. इनास एका हाताने वल्हं मारत होता, दुसऱ्या हाताने भावाचं मनगट. किनाऱ्याजवळ लाटा फुटतात त्या जागेपर्यंत आले. पंचवीस माणसं, बोट काठापर्यंत बुडालेली, आणि दुमिंगच्या बाजूला कललेली. प्रत्येक लाटेला त्या बाजूने पाणी आत. सुकाणूवरचा तांडेल ओरडला – त्याला सोड, नायतर सगळी जातील.

"मी त्याचा हात सोडला," बाबा म्हणाले. "पर तो दोरी सोडीना. माज्याकडं बघत व्हता. त्याला वाटला मी चुकून सोडला. म्हनाला, 'इनास, हात.' बस, येवढाच. मंग मी त्याची बोटं सोडवली. येक येक करून. घट धरलेली व्हती रे… करंगळीपासून सोडवत गेलो."

आम्ही बसलो होतो तिथे खाचरात बगळे उतरत होते. 

"पावसात कोनाला दिसला नाय. तांडेल आता नाय. त्याने गावाला लाटेचा सांगितला, मी मान हलवली. वयनी पुढच्या टोकाला बसली व्हती, पाठ करून. तिला जागा पायजे म्हनूनच तो उतरला व्हता. ती शेवटची बाई, तीच."

मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. पंचवीस माणसं होती. तुम्ही-आम्ही काय केलं असतं, देव जाणे. मी फक्त विचारलं, "ॲग्नेसबाईंना माहीत आहे?" त्यांनी मान हलवली, नाही.

इथे मी चूक केली. मला उद्घाटनाच्या आधी काम संपवायचं होतं, आणि त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो झोळ कापून काढला. दोन्ही कड्या मोकळ्या. वाटलं, धरायला काही नसेल तर काय होणार?

दुपार कलताना मी डाव्या बाजूला खाली वाकून ठोकळा ठोकत होतो. भरतीची वेळ झालीये हे माहीत होतं, पण दोरीच नव्हती ना. आधी कड्यांचा आवाज आला. मग लाकडाचा. बोटीला टेकू दिलेले सागाचे चार दांडे होते, त्यातला माझ्या डोक्यावरचा मधोमध तडकला आणि अख्खी बोट माझ्या अंगावर कलली. मी मागे उडी मारली. डावा हात निघाला नाही.

शाळा सुटायची वेळ, म्हणून माणसं पटकन आली. बारा-पंधरा जणांनी बोट उचलली. तरीतून, मग टॅक्सीतून हॉस्पिटल. डाव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. सुताराचा हात. आई उशाशी बसून होती, एक शब्द बोलली नाही. ती "मी सांगला होता" असं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

इनासबाबा हॉस्पिटलात आले. माझ्या बँडेजकडे बघितलं आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "मिस्त्री, माज्यासंगं वयनीकडं चल. येकट्यानं जमनार नाय."

पट्टी सुटायच्या आधीच गेलो. मारियानकाकी, दुमिंगची बायको, गावाच्या टोकाला एकटी राहायची. मूलबाळ नाही. बासष्ट-त्रेसष्टची असेल. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील अडकवत होती, जबड्यात जबडा. आम्हाला पाहून म्हणाली, "इनास, आज वाट चुकला काय?"

बाबा उभेच राहिले. टोपी काढून हातात धरली होती. "वयनी, दुमिंगला लाटेनं नाय नेला."

तिचे हात थांबले नाहीत. बोंबील अडकवत राहिली. बाबांनी सगळं सांगितलं. मला सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात, पण बोटांचं सांगितलं, आणि शेडमधल्या दोरीचं, भरतीचंही. शेवटी आवाज फुटला.

मग तिने विचारलं, "किनारा किती लांब व्हता?"

"शंभर हात. कमीच."

"त्याला पोवता येत व्हता."

"त्याच्यात जीव उरला नव्हता, वयनी. अर्धा तास लोंबकळत व्हता."

"मी पुढं बसली व्हती. मना हाक का नाय मारली?"

"मारून काय केला असता?"

"उतरली असती," ती म्हणाली. "त्याची जागा व्हती ती. मी उतरली असती."

बाबा तिच्या पायांशी बसायला गेले. ती दोन पावलं मागे सरली. "आता जा," म्हणाली. रागाने नाही… कसं सांगू, दारावरच्या विक्रेत्याला सांगावं तसं. मी जायला वळलो तर मला थांबवलं. "मिस्त्री, ती दोरी परत बांध. उद्या दुपारी मी येते."

मी ती बांधली. एका हाताने जमेना, गाठ ॲग्नेसबाईंनी मारली. त्यांना एव्हाना बाबांनी सांगितलं होतं. त्यांचे डोळे सुजलेले होते, पण गाठ पक्की मारली.

दुपारी काकी आली. धुतलेलं लुगडं, केसांत फूल. लग्नाला निघाल्यासारखी. बाबा लांब, माडाखाली उन्हात उभे होते, आत आले नाहीत. आम्ही तिघं वाट बघत राहिलो. दीड वाजून गेला आणि झोळ खाली गेला. सावकाश. कड्या वाजल्या.

मला वाटलं काकी रडेल. किंवा म्हणेल, जा आता, सुटलास. अशा वेळी असंच म्हणतात ना? फादरना बोलवायचं का, असं बाई माझ्या कानात विचारतही होत्या. काकी पुढे गेली. दोरीच्या टोकाशी, जिथे काहीच नव्हतं तिथे, दोन्ही हात जुळवून धरले. पाण्यातल्या माणसाचे हात वरून दाबून धरावेत तसे. आणि वाकून हळू आवाजात म्हणाली, "धरून ऱ्हा. सोडू नको. मी हाय हितं."

ओहोटी लागेपर्यंत ती तशीच उभी होती. दोरी सैल झाली तेव्हा तिने हात काढले. ओले होते. ते तिने पुसले नाहीत.

बोर्डाचा प्रश्न उरला. रंगाऱ्याने आधीच लिहून ठेवलं होतं, दुमिंगला लाटेने नेलं असं. बाईंनी काकीला विचारलं, काय करू? काकी म्हणाली, "झाला ता लिव. इनासचा नाव नको घालू, पर लाट खोटी हाय. ती काढ." बाईंनी स्वतःच्या हाताने ती ओळ खोडली आणि लिहिलं – दुमिंग शेवटपर्यंत दोरी धरून होता. इतरांचे जीव वाचावेत म्हणून त्याचा हात सोडवावा लागला.

गावात बोंब झाली. कुणाचा हात, कुणी सोडवला, गावाची बदनामी कशाला… वाचलेल्या एकोणिसांपैकी आठ जण अजून जिवंत होते. त्यांतले पाच उद्घाटनाला आले नाहीत. एक म्हातारी बाईंना येऊन म्हणाली, "आमी जगलो ता आमचा गुन्हा काय गो?"  फादरनी प्रार्थना म्हटली, पंचवीस-तीस माणसं जमली, बँड सांगितला होता तो परत पाठवला. पण बोट राहिली. बंगलेवाल्याकडे गेली नाही. बाईंची तेवढी इच्छा पुरी झाली, आणि त्याच्यापायी त्यांच्या बापाकडे गाव वेगळ्या नजरेने बघायला लागलं.

नाव बोर्डावर नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं होतं. इनासबाबा घराबाहेर पडेनासे झाले. पावसाळ्यात ताप आला आणि गेले. त्यात काही विचित्र नाही, डॉक्टर होता, औषध चालू होतं. ते मरेपर्यंत काकी त्यांच्याशी बोलली नाही.

मी मातीला गेलो होतो. पाऊस धो-धो. सगळं उरकल्यावर मी शेडकडे वळलो. का, ते माहीत नाही. काकी तिथे होती. दफनाला आली नव्हती. दुपारची भरती, तिसरा झोळ ताणलेला आणि तिचे हात त्याच्यावर.

"पुरला?" तिने विचारलं.

"हो काकी."

"मिस्त्री, जरा हात लाव हितं. मना रोज धरून अंदाज येत नाय. भार कमी झाला काय?"

मी उजवा हात खाली घातला. वर ढकलून पाहिलं. तसाच. तितकाच जड.

"नाही काकी. तेवढाच आहे."

तिने मान हलवली. "म्हंजे तो इनाससाठी धरून नाय बसला."

"मग कशासाठी?"

ती परत दोरीकडे वळली आणि मला म्हणाली, तू निघ, पावसात तर बंद होईल.

त्यानंतर मी गोराईला कामासाठी कधी गेलो नाही. हातामुळे सुतारकी सुटली, सोसायटीत वॉचमन झालो, मुलं शिकली. मिलमधल्या एका फिटर मित्राला हे सांगितलं होतं. त्याने तासभर डोकं लावलं – जमीन खचत असेल, कड्या ढिल्या, भरतीला खालचं पाणी वर येतं. बरोबर असेल. पण मी त्या दोरीखाली हात घातला होता. जमीन खचल्याचं वजन तसं लागत नाही. ते माणसाचं वजन होतं, आणि ते मधून मधून किंचित हलत होतं, जसा माणूस पकड बदलतो.

याचं उत्तर आईकडे असेल असं वाटलं होतं म्हणून एकदा तिलाच विचारलं. इतकी वर्षं जिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय होता ती बाई म्हणाली, "ह्येच्यार गाऱ्हाणा नाय, बाबा. जित्या माणसान सोडवलेला हात, तो खंयचो देव धरतलो?"